पडायला आलेली भिंत आणि रस्त्यावरचा माणूस

पावसाचे पहिले आठवडे उलटले की गोव्यातील वृत्तपत्रांत काही बातम्या दरवर्षी नेमाने येतात. कुठे जुन्या घराची भिंत खचते, कुठे बाजारपेठेतील इमारतीचा सज्जा पदपथावर येऊन पडतो, कुठे छताचा गिलावा निखळून कोणी जखमी होते. पंचनामा होतो, अधिकारी पाहणी करतात, नुकसानीचा आकडा ठरतो. अशा बातमीच्या शेवटी बहुधा एक वाक्य असते : ‘सदर इमारत धोकादायक असल्याची नोटीस यापूर्वीच बजावण्यात आली होती.’ बातमी तिथे संपते. खरा प्रश्न मात्र त्या वाक्यापासून सुरू होतो. धोका ठाऊक होता, तो कागदावर नोंदलाही गेला होता, तर मग भिंत उभी का राहिली आणि तिच्याखालून माणसे ये-जा का करत राहिली?

मोडकळीस आलेले घर हा मालकाचा खासगी मामला आहे, अशी आपल्याकडे एक सर्वसाधारण समजूत आहे. घर त्याचे, भिंत त्याची, डागडुजी करायची की नाही हे तोच ठरवणार. शेजारी फार तर दबक्या आवाजात विनंती करतात. पंचायतीकडे तक्रार करणे म्हणजे वैर घेणे, असे गावात मानले जाते. कायद्याची भूमिका मात्र पूर्वीपासून वेगळी आहे. पडण्याच्या बेतात असलेली आणि पडल्यास इतरांना इजा करील अशी इमारत कायदा सार्वजनिक उपद्रवाच्या सदरात घालतो. रस्त्यावर सोडलेले सांडपाणी किंवा वस्तीत घातक धूर ओकणारा कारखाना ज्या वर्गात मोडतो, त्याच वर्गात ही इमारतही मोडते.

भारतीय न्याय संहितेच्या कलम २७० मध्ये सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या आहे. जनतेला अथवा परिसरात राहणाऱ्या लोकांना सामाईक इजा, धोका किंवा त्रास होईल असे कृत्य, त्याचप्रमाणे असे ‘बेकायदेशीर अकृत्य’, म्हणजे जे करणे कायद्याने बंधनकारक होते ते न करणे, ही दोन्ही या व्याख्येत येतात. धोकादायक इमारतीच्या संदर्भात या दुसऱ्या भागाचे महत्त्व मोठे आहे. ‘आम्ही काहीच केले नाही’ हा मालकाचा नेहमीचा बचाव असतो. कायद्याच्या दृष्टीने ते काहीही न करणे हाच दोष ठरू शकतो.

अर्थात, शिक्षेच्या बाजूने पाहिले तर हे कलम फारसे धाक बसवणारे नाही. जुन्या दंडसंहितेत सार्वजनिक उपद्रवाला २०० रुपयांपर्यंत दंड होता. नव्या संहितेच्या कलम २९२ ने तो १,००० रुपयांपर्यंत नेला आहे. एका खोलीचा गिलावा काढून पुन्हा करायलाही याहून कितीतरी अधिक खर्च येतो. कायद्याचा खरा दात दुसरीकडे आहे, आणि तो दंडात नसून आदेशात आहे.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १५२ हे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १३३ चे नवे रूप होय. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाली; या तरतुदीचा गाभा मात्र जुनाच आहे. एखादी इमारत, तंबू, बांधकाम किंवा झाड अशा स्थितीत असेल की ते पडण्याचा संभव आहे आणि त्यामुळे परिसरात राहणाऱ्या, व्यवसाय करणाऱ्या किंवा तिथून जाणाऱ्या माणसांना इजा होऊ शकते, तर जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा राज्य सरकारने खास अधिकार दिलेले अन्य कार्यकारी दंडाधिकारी सशर्त आदेश काढू शकतात. गोव्याच्या परिभाषेत बोलायचे तर हे काम जिल्हाधिकारी आणि उपजिल्हाधिकारी यांच्या कचेरीतले. ठरावीक मुदतीत इमारत काढून टाका, दुरुस्त करा किंवा तिला आधार द्या. अन्यथा हजर राहून आदेश कायम का करू नये याचे कारण दाखवा, असे या आदेशाचे स्वरूप असते.

या तरतुदीतील शब्द नीट वाचले तर नेहमी पुढे केल्या जाणाऱ्या तीन सबबींची उत्तरे तिथेच सापडतात.

पहिली सबब अशी की तक्रारदाराचा त्या मालमत्तेशी संबंध काय. कलम म्हणते, पोलिसांचा अहवाल ‘किंवा अन्य माहिती’ मिळाल्यावर दंडाधिकारी कार्यवाही करू शकतात. माहिती देणारा मालक, भाडेकरू किंवा लगतचा शेजारीच असावा, अशी अट नाही. त्या भिंतीखालून रोज शाळेत जाणाऱ्या मुलाच्या आईलाही अर्ज करता येतो.

दुसरी सबब गोव्यात फार ऐकू येते : घराचा मालक कोण हेच ठरलेले नाही. आजोबांच्या नावावरचे घर, त्यांची सात मुले, त्यांतील दोन मुंबईला, एक आखातात, एकाचे कुटुंब पोर्तुगालमध्ये, आणि वारसाहक्काची इन्व्हेंटरी कार्यवाही वर्षानुवर्षे रेंगाळलेली. अशी घरे प्रत्येक तालुक्यात आहेत. वाटा सगळ्यांचा असतो आणि छपराची कौले शाकारायची जबाबदारी कोणाचीच नसते. पण कलम १५२ मधील आदेश केवळ मालकावरच नव्हे, तर इमारत ‘ताब्यात असणाऱ्या’ किंवा तिच्यावर ‘नियंत्रण असणाऱ्या’ व्यक्तीवरही काढता येतो. वारसांचा वाद मिटेपर्यंत भिंतीने थांबावे, अशी कायद्याची अपेक्षा नाही. आदेश प्रत्यक्ष बजावता येत नसेल तर तो उद्घोषणेने प्रसिद्ध करण्याची आणि योग्य ठिकाणी चिकटवण्याचीही सोय पुढच्याच कलमात आहे.

तिसरी सबब : मालक ऐकतच नाही, मग प्रशासन काय करणार? आदेश कायम झाल्यावरही तो पाळला गेला नाही, तर दंडाधिकारी ते काम स्वतः करवून घेऊ शकतात आणि खर्च त्या मालमत्तेतून वसूल करू शकतात. आदेशभंगाबद्दल न्याय संहितेच्या कलम २२३ खाली, मानवी जीवितास धोका निर्माण झाला असल्यास, एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. याहून महत्त्वाचे म्हणजे, धोका अगदी समोर उभा असेल तर चौकशी पूर्ण होण्याची वाट न पाहता तातडीचे उपाय योजण्याचा अधिकार कलम १६१ देते. मालकाने कारण दाखवल्यास पुरावा घेतला जातो; तज्ज्ञाकडून स्थळपाहणी करवून घेता येते. नव्या संहितेने या चौकशीला ९० दिवसांची मुदत घातली असून, कारणे लेखी नोंदवून ती १२० दिवसांपर्यंतच वाढवता येते. जुन्या संहितेत अशी मर्यादा नव्हती. रीतसर काढलेल्या आदेशाला दिवाणी न्यायालयात आव्हान देता येत नाही, हेही इथे सांगायला हवे. वरच्या फौजदारी न्यायालयांचा आणि उच्च न्यायालयाचा मार्ग अर्थातच खुला असतो.

नगरपालिका कायद्यानेही पालिकांना धोकादायक बांधकामांबाबत स्वतंत्र अधिकार दिले आहेत. पालिका आणि दंडाधिकारी असे दोन दरवाजे असल्यामुळे काम दुप्पट वेगाने व्हायला हवे. प्रत्यक्षात अनेकदा फाइल एका दरवाजातून दुसऱ्या दरवाजाकडे जाते आणि परत येते. नोटीस काढली की आपले कर्तव्य संपले, ही कचेरीची जुनी धारणा आहे. नोटीस मालकाला मिळते. भिंतीला ती वाचता येत नाही.

इमारत कोसळल्यावर जबाबदारी कोणाची, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९६६ सालीच दिले आहे. दिल्लीच्या चांदणी चौकात, टाऊन हॉलसमोर, नगरपालिकेच्या मालकीचा घड्याळाचा मनोरा होता. १९५१ साली तो कोसळला आणि त्याखाली सापडून माणसे मेली. मृतांच्या वारसांनी नुकसानभरपाईचे दावे लावले. मनोरा सुमारे ८० वर्षांचा होता. त्यात वापरलेल्या चुन्याच्या दर्जाचा विचार करता वरच्या मजल्याचे आयुष्य ४० ते ४५ वर्षांहून अधिक नव्हते, अशी साक्ष अभियंत्याने दिली. चुन्याचा चिकटपणा पार जाऊन त्याची भुकटी झाली होती. दोष आतला होता, बाहेरून दिसत नव्हता, असा बचाव पालिकेने केला. न्यायालयाने तो फेटाळला. वाहत्या रस्त्यालगत इमारत ठेवणाऱ्यावर ती सुस्थितीत ठेवण्याची विशेष जबाबदारी असते. दोष दिसणारा असो वा लपलेला, ती जबाबदारी टळत नाही. शिवाय अशी वास्तू आपोआप कोसळते तेव्हा त्या घटनेतूनच निष्काळजीपणाचे अनुमान निघते. आपण काळजी घेतली होती हे दाखवण्याचा भार मालकावर येतो. या खटल्यातील मालक स्वतः नगरपालिका होती, हे विसरता येणार नाही. सरकारी मालकीच्या इमारतींची अवस्था खासगी इमारतींहून चांगली असतेच असे नाही. पणजीत राहणाऱ्यांना जुंता हाऊसचे उदाहरण वेगळे सांगण्याची गरज नाही.

पैशाची सबबही अशीच जुनी आहे. रतलाममधील नागरिकांनी उघड्या गटारांविरुद्ध कलम १३३ खाली दाद मागितली, तेव्हा दंडाधिकाऱ्यांनी नगरपालिकेला उपाययोजनेचा आदेश दिला. निधी नाही, असे सांगत पालिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी दिलेल्या निकालाने ती वाट बंद केली : कायद्याने घातलेले कर्तव्य तिजोरी रिकामी असल्याच्या कारणावरून टाळता येत नाही, आणि उपद्रव दूर करण्याचा दंडाधिकाऱ्याचा अधिकार हे त्याचे कर्तव्यही आहे. तो निकाल गटारांविषयी होता, पण कलम तेच आहे.

कायदा बाजूला ठेवून थोडे इमारतीकडे पाहू, कारण गोव्यातील इमारती दोन वेगवेगळ्या प्रकारे म्हाताऱ्या होतात.

जुनी घरे चिऱ्याची. जांभा दगड खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागली की टणक होतो; योग्य काळजी घेतली तर चिऱ्याची भिंत पिढ्यान्‌पिढ्या उभी राहते. मात्र अनेक जुन्या भिंतींत चिरे मातीच्या गाऱ्यात बसवलेले असतात आणि बाहेरून चुन्याचा गिलावा असतो. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या प्रदेशात अशा घराचे सारे आयुष्य छपरावर अवलंबून असते. चार कौले सरकली, ती वेळेवर बसवली नाहीत, की पाणी वाशांवर आणि भिंतीच्या माथ्यावर उतरते. वासे कुजतात, वाळवी लागते, मातीचा गारा वाहून जातो आणि आतून पोकळ झालेली भिंत केवळ सवयीने उभी राहते. म्हणून बंद घर सर्वांत आधी पडते. माणूस राहत असता तर पहिल्याच पावसात गळती दिसली असती. असे घर पावसाळ्याच्या ऐन भरात पडेलच असे नाही. पाणी मुरलेली जड भिंत पाऊस ओसरल्यावर, उन्हात सुकतानाही खचते.

दुसरा प्रकार सिमेंट काँक्रीटच्या इमारतींचा. पणजी, मडगाव, म्हापसा, वास्को येथे गेल्या शतकाच्या उत्तरार्धात उभ्या राहिलेल्या अनेक इमारतींनी आता चाळिशी ओलांडली आहे. काँक्रीट मुळात अल्कधर्मी असते आणि त्या अल्कतेमुळे आतील लोखंडी सळीभोवती संरक्षक थर तयार होतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपत गेला की ही अल्कता घटते. किनाऱ्यावरच्या हवेतील क्षार, किंवा बांधकामाच्या वेळी न धुता वापरलेली खारी रेती, हे काम आणखी लवकर करते. सळी गंजू लागते आणि गंज मूळ लोखंडाहून कितीतरी पट अधिक जागा व्यापतो. तो आतून ढकलतो, काँक्रीटला सळीच्या रेषेत तडा जातो, तड्यातून अधिक पाणी शिरते आणि मग एक दिवस थर सुटतो. सळीच्या दिशेने धावणारा सरळ तडा आणि त्यातून उतरलेला तांबूस डाग ही धोक्याची खूण आहे. त्यावर नवा गिलावा मारून रंग काढला की इमारत तरुण दिसते. सळी मात्र गंजतच राहते. रंगकामासाठी सहज वर्गणी जमवणाऱ्या सोसायट्या संरचना तपासणीचा विषय निघाला की पुढच्या सभेवर ढकलतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

ही तपासणी फार गूढ नसते. अभियंता हातोडीने ठोकून पोकळ आवाज शोधतो. रिबाउंड हॅमरने पृष्ठभागाचा कठीणपणा आणि ध्वनिलहरींच्या वेगावरून आतील एकसंधता पाहतो. फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फथॅलिन शिंपडतो. अल्कता शाबूत असेल तिथे गुलाबी रंग उमटतो, गेली असेल तिथे रंग येत नाही. गरज पडल्यास काँक्रीटचा गाभा कापून प्रयोगशाळेत त्याची ताकद मोजली जाते. मुंबई महापालिकेच्या कायद्यात ३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतींची अशी तपासणी बंधनकारक आहे.

मुंबईचा उल्लेख आला आहे तर तिथल्या अनुभवाची दुसरी बाजूही पाहायला हवी. २७ सप्टेंबर २०१३ रोजी माझगावजवळ डॉकयार्ड रोड येथील, महापालिकेच्याच मालकीची इमारत कोसळून ६१ जणांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी ४ एप्रिलला मुंब्र्यातील लकी कंपाउंडमध्ये बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून ७४ जण मरण पावले होते. अशा घटनांनंतर प्रशासन कठोर झाले की जुन्या भाडेकरूंच्या मनात वेगळी भीती घर करते : ‘धोकादायक’ हा शिक्का आपल्याला बाहेर काढण्याचे हत्यार तर ठरणार नाही ना? ही भीती निराधार नाही. दुरुस्ती मुद्दाम टाळायची, इमारत खिळखिळी होऊ द्यायची, मग आपल्याच अभियंत्याचा अहवाल आणायचा आणि जागा मोकळी करून घ्यायची, हा मार्ग अनेक मालकांना सोयीचा वाटतो. उलट, वस्तुतः धोकादायक असलेल्या इमारतीत ‘एकदा बाहेर पडलो तर परत येणार नाही’ या धास्तीने भाडेकरू चिकटून राहतात. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली मुंबईपुरती जी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, ती या कोंडीवर बेतलेली आहेत. परस्परविरोधी अहवाल आले तर तांत्रिक सल्लागार समितीने निर्णय द्यावा, आणि इमारत पाडण्यापूर्वी प्रत्येक रहिवाशाच्या जागेचे मोजमाप नोंदवून ठेवावे, म्हणजे पाडल्यामुळे त्याचा हक्क बुडत नाही.

गोव्यात १९६८ च्या भाडे नियंत्रण कायद्याखालील जुनी भाडी, बाजारातील चिंचोळी दुकाने आणि वर रिकामे पडलेले मजले असे चित्र अनेक शहरांत दिसते. इतके तुटपुंजे भाडे घेऊन छप्पर दुरुस्त करणे परवडत नाही, हे मालकाचे म्हणणेही एका मर्यादेपर्यंत खरे आहे. परंतु हा दोघांमधला हिशेब झाला. खालून जाणाऱ्या माणसाचा त्यात हिस्सा नाही. त्याच कारणाने मालक-भाडेकरूंचा निव्वळ खासगी वाद सोडवण्यासाठी कलम १५२ वापरता येत नाही. न्यायालयांनी ही मर्यादा वेळोवेळी स्पष्ट केली आहे. धोका परिसराला आहे, हे दाखवावे लागते.

आणखी एक गैरसमज वारसा घरांबाबत आढळतो. धोकादायक ठरले म्हणजे पाडलेच पाहिजे, असे नाही. कलमात तीन शब्द आहेत : काढणे, दुरुस्त करणे, आधार देणे. पणजीच्या फोंतेन्हाससारख्या वस्तीतील सज्जाला वेळेवर दिलेला टेकू आणि बदललेल्या चार तुळया हेही आदेशाचे पालनच ठरते. पाडण्याची घाई अनेकदा त्या जागेवर डोळा ठेवणाऱ्यालाच असते.

धोका केवळ जुन्या इमारतींतच असतो, हा समज तर गोव्याने फार मोठी किंमत देऊन खोडला आहे. ४ जानेवारी २०१४ रोजी, शनिवारी दुपारी, काणकोणमधील चावडी येथे बांधकाम सुरू असलेली बहुमजली इमारत कोसळली आणि ३१ जणांचा बळी गेला. त्यांत बहुसंख्य बाहेरून पोटासाठी आलेले मजूर होते. ती इमारत एकही पावसाळा राहत्या घराप्रमाणे जगली नव्हती. जुन्या दंडसंहितेतील कलम २८८ इमारत पाडताना किंवा दुरुस्त करताना केलेल्या निष्काळजीपणाबद्दल होते. न्याय संहितेच्या कलम २९० मध्ये ‘बांधताना’ हा शब्दही घालण्यात आला आहे आणि दंडाची कमाल मर्यादा ५,००० रुपयांवर गेली आहे. माणसे दगावल्यास अर्थातच निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत होणे किंवा सदोष मनुष्यवध अशी गंभीर कलमे लागतात.

शेजारची भिंत ज्याला रोज दिसते, त्याने नेमके काय करावे? अर्ज लेखी द्यावा, तोंडी नको. इमारतीचे ठिकाण, घर क्रमांक, धोका कोणत्या बाजूला आहे आणि त्या बाजूला रस्ता, शाळा, दुकान किंवा बसथांबा यांपैकी काय आहे, हे नमूद करावे. तारखेसह छायाचित्रे जोडावीत. मालकाचे नाव ठाऊक नसेल तर इमारतीचा ताबा किंवा किल्ली कोणाकडे आहे, ते लिहावे. अर्ज पंचायतीला किंवा पालिकेला द्यावा आणि त्याच दिवशी उपजिल्हाधिकाऱ्यांकडेही, त्यात कलम १५२ चा स्पष्ट उल्लेख करून. धोका तातडीचा असेल तर कलम १६१ खाली अंतरिम आदेशाची मागणी करावी : निदान कठडा, निदान टेकू, निदान त्या बाजूची रहदारी बंद. पोच घ्यावी आणि ती जपून ठेवावी. पुढे दुर्घटना झालीच, तर धोक्याची कल्पना प्रशासनाला कोणत्या तारखेला दिली होती, हे त्या पोचपावतीवरूनच सिद्ध होईल.